फोनवर प्रेम की फोनची पकड?



२०२५ च्या सप्टेंबरात आमची लेक मिडल स्कूलला गेली आणि दोन आठवड्यांच्या आत घरात फोनचा विषय निघाला. फोन द्यायचा की नाही हा वाद फार वेळ चालला नाही. स्कूल बस चुकली, ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस लांबली, तर कळवायला काहीतरी हवंच. खरी चकमक झडली ती कुठला फोन ह्यावर. आम्ही दोघंही पहिल्यापासून अँड्रॉइडवाले. ड्रॉवरमध्ये आमचे जुने, व्यवस्थित चालणारे फोन पडलेले. त्यातला एक पुसूनबिसून, नवं कव्हर घालून तिला द्यावा असा आमचा सरळ मध्यमवर्गीय हिशोब. तिचं उत्तर तयार होतं, "पण मग मी ग्रुपमध्ये ग्रीन दिसेन!"

ज्यांची मुलं अजून लहान आहेत किंवा जे अमेरिकेबाहेर राहतात त्यांच्यासाठी थोडा खुलासा. आयफोनवाल्याने आयफोनवाल्याला पाठवलेला मेसेज त्याच्या स्क्रीनवर निळ्या बबलमध्ये दिसतो, अँड्रॉइडवाल्याला पाठवलेला हिरव्या. अ‍ॅपलने २०११ च्या ऑक्टोबरात आयमेसेज आणलं तेव्हापासूनची ही गोष्ट. रंग हे नुसतं लक्षण. दोन आयफोनमधला मेसेज इंटरनेटवरून, अ‍ॅपलच्या सर्व्हरमधून जातो. अँड्रॉइडला जाणारा मात्र बरीच वर्षं साध्या एसएमएस-एमएमएसने जात असे. मग फोटो धुरकट, व्हिडिओ काड्यापेटीएवढा, आणि दहा जणांच्या ग्रुपमध्ये एक अँड्रॉइडवाला शिरला की सगळ्या ग्रुपचाच बेरंग! सप्टेंबर २०२४ मध्ये आयओएस १८ बरोबर अ‍ॅपलने आरसीएस हे नवं मानक स्वीकारलं आणि ही रड बरीचशी संपली. रंग मात्र हिरवाच ठेवला. म्हणजे तांत्रिक अडचण गेली, सामाजिक राहिली. अकरा वर्षांच्या मुलीला त्यातली दुसरीच कळते.

हे सगळं आपोआप घडलं असं समजायचं कारण नाही. फोर्टनाइट गेमवाल्या एपिक कंपनीने अ‍ॅपलवर भरलेला खटला २०२१ मध्ये उभा राहिला, तेव्हा अ‍ॅपलच्या बड्या अधिकाऱ्यांच्या जुन्या ईमेल बाहेर आल्या. आयमेसेज अँड्रॉइडवरही आणावं, असं २०१३ मध्ये एडी क्यू ह्यांचं म्हणणं होतं. सॉफ्टवेअर सांभाळणारे क्रेग फेडेरिघी ह्यांनी विरोध केला. त्यांचा मुद्दा असा, की तसं केलं तर आयफोन वापरणाऱ्या कुटुंबांना मुलांच्या हाती अँड्रॉइड देताना जो अडसर येतो तो दूर होईल. हे वाचून आम्ही चाटच पडलो. आमच्या जेवणाच्या टेबलावरच्या भांडणाचा विचार ह्या लोकांनी बारा वर्षं आधी करून ठेवला होता.

पुढे २०२२ मध्ये एका जाहीर कार्यक्रमात कुणीतरी टिम कुक ह्यांना विचारलं, की मी आईला व्हिडिओ पाठवतो ते तिला नीट दिसत नाहीत, काय करू? कुक म्हणाले, आईला आयफोन घेऊन द्या. लोक हसले. पण २१ मार्च २०२४ रोजी अमेरिकेच्या न्याय खात्याने अ‍ॅपलविरुद्ध मक्तेदारीचा जो खटला दाखल केला त्यात ह्या उत्तराचाही दाखला आहे. हा खटला दाखल झालाय आपल्याच न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात. तो काढून टाकावा ही अ‍ॅपलची विनंती न्यायाधीशांनी जून २०२५ मध्ये फेटाळली. अ‍ॅपलचं म्हणणं, आमची सुरक्षितता आणि सगळी यंत्रं एकमेकांशी जुळवून घेतात ती सोय हेच आमचं वैशिष्ट्य, त्यावरच हा घाला आहे. न्याय खात्याचं म्हणणं, ग्राहक खूश आहे म्हणून थांबत नाही, निघणं महाग करून ठेवलंय म्हणून थांबतो.

आमचं मत न्याय खात्याच्या बाजूने झुकतं. त्याचं कारण मात्र अमेरिकेत नाही, आमच्या हॉस्टेलच्या दिवसांत आहे.

आम्ही इंजिनिअरिंगला होतो तेव्हा, २००६ ते २०१० च्या सुमारास, फोन म्हणजे नोकिया. अर्ध्या हॉस्टेलकडे टॉर्चवाला ११००. लोडशेडिंगमध्ये त्या टॉर्चवर सबमिशन लिहिलेली आमची पिढी! तो पडायचा, उघडायचा, बॅटरी परत आत बसवली की चालू. नोकियावर लोकांचं खरंखुरं प्रेम होतं आणि कंपनी त्या प्रेमावरच विसंबून राहिली. पण त्या फोनमध्ये आपलं होतं काय? नंबर सिममध्ये. फोटो असलेच तर मेमरी कार्डात. सिम काढलं, दुसऱ्या फोनात घातलं, की झालं. खाली धरून ठेवणारं काही नव्हतंच, त्यामुळे टचस्क्रीनचे चांगले फोन आल्यावर लोकांनी हळहळत का होईना पण नोकिया सोडला. एप्रिल २०१४ मध्ये तो धंदा मायक्रोसॉफ्टच्या ताब्यात गेला.

ब्लॅकबेरीची गोष्ट निराळी. तिच्याकडे बीबीएम होतं, म्हणजे फक्त ब्लॅकबेरीवाल्यांचा मेसेंजर. पहिली नोकरी लागल्यावर ऑफिसातले लोक फोन नंबर न देता बीबीएमची पिन द्यायचे तेव्हा आम्हाला काय न्यूनगंड यायचा म्हणून सांगू! आज लेकीला येतो तोच. २०१३ च्या ऑक्टोबरात ब्लॅकबेरीने बीबीएम अँड्रॉइड आणि आयफोनवर खुलं केलं, तोवर सगळे व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊन बसले होते. वर्ष बघा, २०१३. एका कंपनीने त्याच वर्षी कुंपण काढलं आणि दुसरीने ते काढायचं नाही असं ठरवलं. दुसरी आज जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एक आहे.

भारतात त्यानंतर जे झालं ते अमेरिकेच्या बरोब्बर उलट. पहिल्या नंबरची खुर्ची नोकियाकडून सॅमसंगकडे, सॅमसंगकडून शाओमीकडे आणि अलीकडे विवोकडे गेली. मधल्या काळात मायक्रोमॅक्सने सॅमसंगला घाम फोडला तो वेगळाच. आमच्या नाशिकच्या घरात आईने दहा वर्षांत चार कंपन्यांचे फोन वापरले आणि एकदाही तिला काही सोडून आल्यासारखं वाटलं नाही. कसं वाटणार? फोन पूर्ण पैसे मोजून घेतलेला, सिम प्रीपेड, सगळ्या फोनवर अँड्रॉइडच, भिशीचा ग्रुप व्हॉट्सअ‍ॅपवर आणि भाजीवाल्याचे पैसे यूपीआयने. फोन बदलला तरी ह्यातलं काहीच बदलत नाही. मराठी माणूस भारतात चोखंदळ आणि इथे आला की ब्रँडचा भक्त, असं आपण गमतीने म्हणतो. पण स्वभाव तोच आहे हो, व्यवस्था बदलली.

इथली व्यवस्था कशी? फोन घ्यायचा तो बहुतेक वेळा व्हेरायझन, एटीअँडटी नाहीतर टी-मोबाइलकडून. जुना फोन द्या, नवा "फुकट" घ्या. फुकट म्हणजे काय, तर फोनचा हप्ता दर महिन्याला बिलात लागतो आणि तेवढंच क्रेडिट वजा होतं. व्हेरायझन आणि एटीअँडटीकडे हे छत्तीस महिने चालतं. मध्येच सोडलंत तर क्रेडिट बंद, उरलेली रक्कम भरा. तीन वर्षं पुरी होतात तोवर घरात चार फोन, चार वेगवेगळ्या तारखा. सगळे एकदम मोकळे कधीच होत नाहीत! एकत्र कुटुंबाचं कर्ज असावं तसं. कंपन्यांच्या दृष्टीनेही ही उंच उडी आहे. एलजीसारख्या कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये फोनचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. आता इथल्या दुकानात मुख्य रांग दोघांचीच, अ‍ॅपल आणि सॅमसंग.

सगळंच कारस्थान आहे असं नाही. २०१५ च्या आयफोन ६एस ला २०२१ मधली आयओएस १५ मिळाली, ही साधी गोष्ट नव्हे. त्याच्याशी बरोबरी करायची म्हणून गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ ला आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ ला सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल केलं. ह्याला म्हणतात स्पर्धा. आणि निष्ठेला कधीकधी खरोखर पाया असतो. २०१६ मध्ये सॅमसंगचे नोट ७ पेटायला लागले, कंपनीला फोन परत घ्यावे लागले, अमेरिकेत तो विमानात न्यायला बंदी आली. पुढच्याच वर्षी लोकांनी एस८ घेतलाच. त्यांना कुणी बांधून ठेवलं नव्हतं.

आणखी एक गंमत. आपण समारंभाला जमलो की आयफोन की सॅमसंग ह्यावर तावातावाने भांडतो. इकडे आयफोनचे ओएलईडी स्क्रीन २०१७ च्या आयफोन टेनपासून सॅमसंगचीच डिस्प्ले कंपनी पुरवत आलीय. आणि सफारीत शोधयंत्र म्हणून गुगलच असावं ह्यासाठी गुगलने अ‍ॅपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर दिले, हेही कोर्टाच्या कागदांतून बाहेर आलं. म्हणजे वरच्या मजल्यावर सोयरीक जुळलेली आणि खाली आपण वऱ्हाडी भांडतोय!

पूर्वी फोन कंपनी बदलली की नंबर जायचा, आठवतंय? अमेरिकेत नोव्हेंबर २००३ पासून आणि सगळ्या भारतात जानेवारी २०११ पासून नंबर बरोबर न्यायची सोय झाली. कंपन्यांनी ती हौसेने दिली नाही, सरकारने लावली. तेव्हा नंबर हीच आपली एकमेव मालमत्ता होती. आता दहा वर्षांचे फोटो आहेत, विकत घेतलेली अ‍ॅप्स आहेत, पासवर्ड आहेत, घड्याळ आहे, संभाषणं आहेत. त्यातलं काय न्यायचं, कसं न्यायचं ह्याला सगळीकडे लागू असा नियम नाही, कंपन्या देतील ती सोय. आमच्या ड्रॉवरमध्ये एक फोन आहे तो आम्ही कुणालाच देणार नाही. बाबा जायच्या आधीच्या वर्षातले त्यांचे आवाजी निरोप त्यात आहेत. "पोचलात का, पोचल्यावर कळवा", बाकी काही नाही. ते निरोप आम्ही संगणकावर उतरवून घेतलेत, तरी दर दोन-तीन महिन्यांनी तो फोन चार्ज करतो. हे काही तर्काला धरून नाही, पण आमच्यासारख्या इंजिनिअरांचं हे, तर इतरांचं काय होत असेल!

आता आपल्या लोकांपुरती एक व्यवहाराची गोष्ट, जी इथल्या जाहिराती सांगत नाहीत. आपल्यापैकी बहुतेकांचं एक भारतातलं सिम असतं, बँकेच्या ओटीपीसाठी जपून ठेवलेलं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ पासून, म्हणजे सप्टेंबर २०२२ पासून, सिमचा ट्रेच काढून टाकलाय. २०२५ मध्ये पिक्सेल १० नेही तेच केलं. त्याच वर्षीच्या गॅलेक्सी एस२५ मध्ये ट्रे होता. जिओ आणि एअरटेल ई-सिम देतात. पण ते करून घेण्याचा एसएमएस त्या भारतीय नंबरवरूनच जावा लागतो, आणि मध्येच काही अडलं तर दुकान गाठायला भारतात जावं लागेल. तेव्हा नवा फोन घ्यायच्या आधी, भारतात असतानाच ई-सिम करून घ्या. जुना फोन ट्रेड-इनमध्ये देण्याची घाई करू नका.

असो. लेकीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. तीन आठवडे वाटाघाटी झाल्या. शेवटी एक वापरलेला आयफोन १३ रोख पैसे देऊन घेतला. त्याला ट्रे आहे, छत्तीस महिन्यांची भानगड नाही. आम्हाला वाटलं, किती हुशारीने सोडवलं! घरी आणल्यावर कळलं, की तिच्या फोनचा स्क्रीन टाइम आपल्या हातात ठेवायचा तर पालकांकडेही अ‍ॅपलचं यंत्र लागतं, अँड्रॉइडवरून ते होत नाही. मग कपाटातला जुना आयपॅड शोधून काढला, धूळ पुसली, अपडेट केला. तो फार दिवस टिकेलसं दिसत नाही, आणि आमच्यापैकी एकाने परवा नव्या आयफोनचे भाव बघितल्याचं ब्राउझरच्या हिस्टरीत सापडलंय. कुणी, ते सांगत नाही!

रविवारी नाशिकला फोन लावला तेव्हा लेकीने आजीला नवा फोन दाखवला. आजी चष्मा लावून नीट बघत म्हणाली, "छान आहे गं. पण त्यावर व्हॉट्सअ‍ॅप चालतं ना?"