वर विस्तव, खाली विस्तव

आमच्या आजीच्या हयातीत आमच्या घरी केकला 'केक' म्हणण्याची सोय नव्हती. ती त्याला 'भाजलेला सांजा' म्हणे. नाव घेताना नाक किंचित मुरडी, पण तुकडा मात्र दोनदा मागून घेई. तसे पाहिले तर तिचे चुकत नव्हते. रवा, साखर, तूप, दूध, वेलची ही सगळी सांज्याचीच मंडळी. त्यांत दही आणि थोडासा सोडा मिळवायचा आणि शिजविण्याऐवजी भाजायचे, की सांज्याचा केक होतो. दिवाळीच्या या अंकात इतर लेखक आपल्याला भारी पक्वान्ने वाढतीलच. मी या सदरात नेहमीप्रमाणे घरातलेच काही आणले आहे. यंदा हा भाजलेला सांजा.

तो आमच्याकडे कसा आला हे सांगण्याआधी थोडे कर्जत सांगितले पाहिजे. कर्जत म्हटले की लोकांना बटाटावडा आठवतो, आणि त्या वड्याचे मूळ घाटात आहे. येथून पुढे बोरघाटाचा चढ लागतो. सदतीस फुटांना एक फूट इतका खडा. १८६३ साली हा घाटमार्ग सुरू झाला. पुण्याकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांना येथे मागून जादा इंजिने जोडतात, आणि ती जोडली जाईपर्यंत वडे खपतात. माझे वडील रेल्वेत होते. आमचे बिऱ्हाड रेल्वेच्या क्वार्टरमध्ये, त्या मागच्या इंजिनांच्या आवाजात. ती गाडीला घाट चढवून देतात, वर पोहोचली की सुटतात आणि गुपचूप खाली परत येतात. फलाटावरचे लोक पुढच्या इंजिनाकडे पाहतात. मागच्याकडे पाहण्याचे कारणच कोणाला पडत नाही.

आमच्या घरातले मागचे इंजिन म्हणजे माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. तेविसाव्या वर्षी नवरा गेला, आणि खालापूर तालुक्यातल्या सासरहून ती आमच्याकडे परत आली ती कायमची. येताना तिने एक जाड बुडाचे पितळी पातेले आणले होते. त्या पातेल्यात ती धोंडस करी.

घाटावरच्या वाचकांसाठी धोंडस म्हणजे काय ते सांगतो. भाद्रपद-आश्विनात वेलावरच राहून जून झालेली, पिवळी पडलेली थोराड काकडी, म्हणजे तवसे, घ्यायचे. ते किसायचे, पण सुटलेले पाणी टाकायचे नाही. सारी करामत त्या पाण्यातच असते. तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजायचा. काकडीचा कीस, तिचे पाणी आणि गूळ यांना उकळी आणून त्यात तो रवा शिजवायचा. खोबरे, वेलची, चवीला मीठ. मग तूप लावलेल्या पातेल्यात ते थापून खाली निखारे ठेवायचे, वर झाकण ठेवायचे आणि झाकणावरही निखारे. कर्जत हा भाताचा मुलूख. येथल्या भात संशोधन केंद्राने काढलेल्या जाती 'कर्जत-३', 'कर्जत-७' अशा गावाच्याच नावाने शेतकऱ्यांत ओळखल्या जातात. आत्या मात्र तांदूळ निवडताना उरलेल्या कण्या जमवून ठेवी आणि त्या जात्यावर भरडून रवा करी. आपल्यासाठी घरात वेगळा खर्च होऊ नये, याची तिला सदैव काळजी असे.

शेजारच्या क्वार्टरमध्ये एक ख्रिस्ती गार्डसाहेब राहत. दिवाळीला आमच्याकडून त्यांच्याकडे चकल्या-करंज्या जात आणि नाताळात त्यांच्याकडून केक येई. तो आम्ही मुले मागच्या अंगणात उभ्यानेच संपवीत असू. एकदा त्या बाई काही मागायला म्हणून आल्या आणि चुलीपुढे थबकल्या. पातेल्याच्या डोक्यावर निखारे पाहून त्यांना हसू आले.

"अगं, हाच माझा ओव्हन!" त्या म्हणाल्या. "वर विस्तव, खाली विस्तव. तुला केक येतोच की. फक्त तुला ठाऊक नाही."

त्यांचा ओव्हन म्हणजे स्टोव्हवर ठेवायचा ॲल्युमिनियमचा गोल डबा, खालच्या थाळीत वाळू भरलेला. आमच्याकडे तोही नव्हता. १९८७ च्या ऑक्टोबरात माझा आठवा वाढदिवस आला, तेव्हा आत्याने उल्हास नदीची वाळू आणवून धुतली, वाळवली, चाळली आणि त्या पितळी पातेल्यात दोन बोटे थर दिला. अंडे घरात येणे शक्य नव्हते. बाईंनी त्यावर उपाय सांगितला: दोन वाट्या बारीक रवा, वाटीभर दही, वाटीभर साखर, वाटीभर दूध, अर्धी वाटी तूप. हे अर्धा तास भिजू द्यायचे, म्हणजे रवा फुगतो. पाऊण चमचा सोडा अगदी शेवटी. दह्याच्या आंबटपणाशी सोड्याची गाठ पडली की वायूचे बुडबुडे सुटू लागतात. ते उडून जाण्याच्या आत मिश्रण तापलेल्या भांड्यात गेले पाहिजे. आणि अर्धा तास तरी झाकण उघडायचे नाही. बुडबुड्यांभोवतीचा रवा घट्ट होण्याआधी गार हवा लागली तर केक मधेच बसतो, आणि एकदा बसलेला केक पुन्हा उठत नाही.

मी झाकणाभोवती घिरट्या घालीत होतो. आत्या एका हाताने मला अडवी आणि दुसऱ्या हाताने झाकणावरचे निखारे सारखे करी. शेवटी तिने हिराची काडी खुपसून पाहिली. काडी कोरडी आली. पण पातेल्यातून काढल्यावर दिसले की केक बुडाला करपला आहे. मी भोकाड पसरण्याच्या बेतात होतो. तिने शांतपणे सुरीने काळे खरवडले, केक उपडा केला आणि खरवडलेल्या जागेवर ओले खोबरे व साखर पसरली. "आता हीच वरची बाजू," ती म्हणाली.

मेणबत्त्यांना आजीने साफ नकार दिला. वाढदिवसाला दिवा लावायचा की फुंकायचा, हा तिचा सवाल होता आणि आमच्याकडे त्याला उत्तर नव्हते. तेव्हा केकशेजारी चांदीचे निरांजन लागले आणि ते आपसूक शांत होईपर्यंत तसेच तेवत राहिले. आईने मला ओवाळले, मग शेजारपाजारच्या चार सवाष्णींनी ओवाळले. गार्डसाहेबांच्या बाईंनीही तबक हाती घेतले. आजीने त्यांना आनंदाने घेऊ दिले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सुरी माझ्या हाती आली, तेव्हा आई हळूच म्हणाली, "पहिला तुकडा आत्याला दे हं."

तो आमच्या घरचा रिवाज झाला. दर वर्षी केक आत्याने करायचा आणि पहिला तुकडा तिला. मला वाटे, हिशेब चोख आहे.

मराठी शिकविण्याचा धंदा पत्करल्यावर मला शब्द उलटून पाहण्याची खोड लागली. आपले 'वाढणे' हे क्रियापद घ्या. मूल वाढते, म्हणून वाढदिवस. पान वाढतात, तेही वाढणेच. पण देवापुढे नारळ फोडायचा असेल तर 'वाढवला' म्हणतात. दिवा मालवायचा तर 'वाढवला' म्हणतात. आणि बाईची बांगडी फुटली तर ती 'वाढली'. अशुभ तोंडावाटे निघू नये म्हणून मराठी माणसाने त्यावर शुभ शब्दाचे झाकण घातले. वर्गात हे सांगितले की मुले हसतात, वहीत लिहून घेतात. तेविसाव्या वर्षी जिच्या बांगड्या 'वाढवल्या' गेल्या आणि त्यानंतर जिने आयुष्यभर इतरांची पाने वाढली, ती माझ्या घरात आहे, हे शिकवताना मला कधी सुचले नाही. त्याच वर्गांत मी हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' वर्षानुवर्षे शिकवली. यमूच्या केशवपनाविषयी बोलताना माझा आवाज भरून येत असे. कादंबरीचे नाव हा प्रश्न आहे आणि तो वाचणाऱ्याला विचारलेला आहे, एवढे व्याकरण तरी मला कळायला हवे होते.

आणखी एक गोष्ट मी पाहूनही पाहिली नव्हती. भाऊबीजेला आत्या माझ्या वडिलांना ओवाळी. ते चालत असे. म्हणजे ज्या हातांनी ओवाळल्यावर भावाचे आयुष्य वाढते, त्याच हातांनी भावाच्या मुलाला ओवाळले तर ते अशुभ. हे गणित आमच्या घरात कोणीच मांडून पाहिले नव्हते.

पुढे आम्ही क्वार्टर सोडून गावात घर बांधले. आजी गेली. माझे लग्न झाले, मुलगी झाली, आणि आमच्या घरातही दुकानचा केक येऊ लागला. मी त्याला नावे ठेवणार नाही. माझी एक जुनी विद्यार्थिनी खोपोलीत घरच्या घरी केक करून विकते. २०२० च्या टाळेबंदीत नवऱ्याचे काम सुटले, तेव्हा तिने मागणीप्रमाणे केक करायला सुरुवात केली आणि संसार सावरला. कर्जत-खोपोलीकडे अशा कितीतरी बायका आहेत. ती मला सांगते, "सर, पावसाळ्यात वीज गेली की विजेचा ओव्हन म्हणजे नुसती पेटी. मग कुकर काढायचा, त्याची शिटी आणि रिंग काढून ठेवायची, तळाशी वाळू घालायची, आणि चालू." वाळू ऐकून मला घरी जाऊन आत्याला सांगावेसे वाटले. सांगितल्यावर तिने एवढेच विचारले, "नदीची घेते का गं ती? धुऊन घे म्हणावं."

पण दुकानचा केक घरात आल्याने एक झाले. वाढदिवसाला आत्याच्या हातांना काम उरले नाही. पूर्वी ती दारात उभी असे तेव्हा तिच्या हातात निदान केकचे ताट असे. आता ती नुसतीच उभी राहू लागली. हे आमच्यापैकी कोणाच्या ध्यानी आले नाही. आले ते माझ्या मुलीच्या.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात, हेरवाडच्या ग्रामपंचायतीने ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे, जोडवी काढणे हे गावात यापुढे बंद. त्याच महिन्यात राज्य शासनाने परिपत्रक काढून इतर गावांनाही हा कित्ता गिरविण्यास सांगितले. मी ती बातमी मोठ्या उत्साहाने आत्याला वाचून दाखविली. ती कण्या निवडीत होती. तिने सगळे ऐकून घेतले.

"चांगला ठराव आहे," ती म्हणाली. "पण आपल्या घरचा सरपंच कोण?"

जूनमध्ये मुलीचा आठवा वाढदिवस आला. तिने दुकानचा केक नको, आत्याआजीचा हवा, असा हट्ट धरला. सत्त्याहत्तर वर्षांच्या आत्याने पितळी पातेले काढले. पाऊस कोसळत होता, वीज गेली होती. पातेल्याला त्याचे सोयरसुतक नव्हते. केक आत भाजत असताना बायकोने ओवाळण्याची तयारी केली, आणि मुलगी सगळ्यांदेखत म्हणाली, "पहिल्यांदा आत्याआजी ओवाळेल."

आत्या एकदम मागे सरली. "नको गं. पोरीचा दिवस आहे. काहीतरीच काय?" वाचकहो, तिला अडवणारे त्या खोलीत कोणीही नव्हते. ती स्वतःच स्वतःला अडवीत होती. चोपन्न वर्षे जे झाकण वरून दाबून बसविले, ते एका ठरावाने कसे उघडेल?

माझी बायको म्हणाली, "आत्या, भाऊबीजेला तुम्ही बाबांना ओवाळता ना? मग ही बाबांचीच नात आहे."

कोणी बोलेना. मग खुर्चीतून माझे वडील म्हणाले, "आक्का, घे तबक. मी फार आधी म्हणायला हवं होतं."

तिने तबक घेतले. हात इतके कापत होते की निरांजनाची ज्योत भिंतीवर नाचू लागली. तिने मुलीच्या कपाळाला कुंकू लावले, अंगठी-सुपारी ओवाळली, अक्षता टाकल्या. मुलीने वाकून नमस्कार केला, आणि मग मला जळका वास आला.

केकची कोणालाही शुद्ध नव्हती. झाकण उघडले तेव्हा केकच्या खालचा बोटभर भाग कोळसा झाला होता. मुलीचा चेहरा पडला. आत्याने डोळे पुसले, पदर खोचला आणि सुरी मागितली.

"रडतेस काय? खरवडू आणि उपडा करू," ती म्हणाली. "तू नारळ फोड रे."

मी नारळ वाढवला. तिने खोबरे पसरले. पहिला तुकडा अर्थात तिलाच मिळाला, पण या वेळी तो देताना माझी नजर खाली होती.

कोणाला हा केक या दिवाळीत करून पाहायचा असेल, तर प्रमाण वर दिलेले आहे. विस्तव मंद ठेवावा आणि झाकणाकडे लक्ष असू द्यावे. ओवाळायला मात्र पहिल्यांदा कोणाला बोलवायचे, ते ज्याने त्याने आपल्या स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा नीट पाहून ठरवावे.