हायस्कूल मागताना आधी पगाराचे बोला

गावात हायस्कूल हवे, याला सहसा कोणाचा विरोध नसतो. वाद सुरू होतो तो पैसा कोणी द्यायचा यावर.

शिक्षण हक्क कायदा २००९ हा ६ ते १४ वयोगटापुरता, म्हणजे आठवीपर्यंतच आहे. पाचवीपर्यंतची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची ३ किलोमीटरच्या आत हवी, असे नियम सांगतात. नववीसाठी या कायद्यात असे हक्काचे अंतर नाही. मग तालुक्याची एसटी, आणि ती चुकली की दिवस घरी. मुलींना ‘आता पुरे झाले’ हे इथेच ऐकावे लागते.

त्यात राज्याचा २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा. त्याखाली मंजूर झालेल्या शाळेला सरकारी अनुदान नाही. खर्च फीमधून निघतो. म्हणून ‘हायस्कूल मंजूर झाले’ म्हणत पेढे वाटण्याआधी ते कोणत्या तत्त्वावर मंजूर झाले, हे विचारले पाहिजे. शेतमजुराच्या मुलीला फीचे हायस्कूल दहा किलोमीटरवरच्या शाळेइतकेच लांब असते.

आपण अडकतो इमारतीत. खासदार निधीतून वर्गखोल्या बांधता येतात, कोनशिलेवर नावही येते. शिक्षकाचा पगार त्यातून देता येत नाही (आणि पगाराला कोनशिला नसते!). वर्गणीचेही तसेच: विहारासाठी आपले लोक पोटाला चिमटा काढून देतात, शाळेच्या भिंतींसाठीही देतील, पण दरमहाचा पगार वर्गणीवर चालत नाही.

म्हणून मागणी नेमकी हवी. जिल्हा परिषदेच्या आहे त्या शाळेला नववी-दहावीचे वर्ग जोडा आणि शिक्षकांची पदे मंजूर करा. समग्र शिक्षा योजनेत उच्च प्राथमिक शाळेचा दर्जा वाढवून ती माध्यमिक करण्याची तरतूद आहे. या योजनेत महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के आहे.

ही मागणी एकट्या बौद्ध वस्तीची म्हणून गेली तर ती ‘त्यांचा प्रश्न’ ठरते. एसटी मात्र मराठा, धनगर, मुस्लिम घरांतल्या पोरांचीही चुकते. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असतात. सुरुवात तिथून व्हावी. आठवीत आज किती मुले-मुली आहेत, गेल्या तीन वर्षांतल्या आठवीपैकी दहावीला किती बसली, कोणत्या मुलीची शाळा कशामुळे सुटली, अशी घरनिहाय यादी करावी. ती आधी महिला ग्रामसभेत वाचावी, मग ग्रामसभेत ठराव घ्यावा. भाषणापेक्षा अशा यादीने लोक लवकर हलतात.

‘सरकारकडे पैसा नाही’ हे उत्तर जुनेच आहे. १९२७ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी हिशेबच मांडला होता: सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त घेते. अबकारीतून जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, ही त्यांची मागणी होती. आजच्या अर्थसंकल्पातले हेच दोन आकडे आमदारांनी सभागृहात मागावेत, असे ठरावातच लिहा.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला भरते. यादी त्याआधी तयार हवी.