पाडव्याच्या आत बाथरूममधला गॅस गीझर बाहेर काढा

घोटी, इगतपुरी आणि भंडारदरा रस्त्यावर लॉज, व्हिला, होमस्टे चालवणाऱ्या आणि खोल्या भाड्याने देणाऱ्या सगळ्या मालकांना हा जाहीर इशारा आहे. बंद बाथरूममध्ये टांगलेला, धूर बाहेर नेण्याची सोय नसलेला गॅस गीझर दिवाळी पाडव्याच्या आत तिथून हलवा. या भागात गीझर बसवण्या-दुरुस्तीचं काम मी करतो. पाडव्यानंतर असल्या गीझरला मी हात लावणार नाही, आणि गप्पही बसणार नाही. काय करणार ते पुढे सांगतो, आधी कारण ऐका.

पाच बाय सात फुटांचं, आठ फूट उंचीचं बाथरूम म्हणजे जेमतेम आठ घनमीटर हवा. सहा लिटरचा गीझर पूर्ण आचेवर तासाला साधारण किलोभर गॅस जाळतो, आणि किलोभर गॅस नीट जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते. म्हणजे अर्ध्या तासात त्या खोलीतली बहुतेक हवा ज्योतीनेच वापरून टाकलेली असते. धोका मात्र त्याच्या बराच आधी सुरू होतो. प्राणवायू थोडा जरी घटला तरी गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो.

सिलिंडर गळला तर नाकाला कळतं, कारण गॅसमध्ये तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत, ठसकाही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या 200 पटींहून जास्त जोराने चिकटतो. माणसाला डोकं जड वाटतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी काढायला हात उचलायचा म्हटलं तरी उचलत नाही. बाहेरच्यांना नुसता पाण्याचा आवाज येत राहतो.

जानेवारी 2022 मध्ये नाशिक शहरात एका महिलेचा असाच बाथरूममध्ये गॅस गीझरमुळे जीव गेला. मार्च 2023 मध्ये घाटकोपरला धुळवड खेळून आलेलं जोडपं बाथरूममध्ये मृत सापडलं, तेव्हा पोलिसांचा संशय गॅस गीझरवरच होता. नाशिक घोटीपासून तासाभरावर आहे.

‘आमच्याकडे खिडकी आहे की!’ हे उत्तर मी रोज ऐकतो. असते खिडकी. पण जूनमध्ये पावसाचा मारा आत येतो म्हणून तुम्ही तिला प्लास्टिक ठोकता आणि थंडीत गार वारा नको म्हणून ते तसंच ठेवता. कळसूबाईला जाणारी पोरं शुक्रवारी मध्यरात्री येऊन पडतात, पहाटे एकामागून एक आंघोळीला जातात, आणि गीझर आचेवर राहतो. गीझरला वीस मिनिटांचा टायमर असतो म्हणता? नळ बंद करून पुन्हा सोडला की तो पुन्हा पहिल्यापासून मोजतो. पाचव्या पोराच्या वाट्याला कसली हवा येणार?

आपल्या आज्यांचा तांब्याचा बंब आठवा. त्याच्या पोटातून धुराडं वर गेलेलं असायचं आणि बंब परसात किंवा पडवीत पेटायचा. शाळेची पायरी न चढलेल्या बाईला जे कळत होतं ते तीन मजली व्हिला बांधणाऱ्याला कळू नये, याचं मला नवल नाही, चीड आहे.

आता करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे गीझर बाहेरच्या उघड्या भिंतीवर, छपराखाली लावायचा आणि गरम पाण्याची नळी तेवढी आत घ्यायची. आतच हवा असेल तर बाहेरची हवा घेऊन धूर बाहेर सोडणाऱ्या बंद नळीचं मॉडेल घ्या, आणि नळी कंपनीच्या पुस्तिकेत दिलीय तशीच बसवा. साध्या गीझरला नंतर नळी जोडायचा जुगाड करू नका. सांडपाण्याचा पीव्हीसी पाइप धुराला लावलेला मी पाहिलाय. तो मऊ पडतो, वाकतो, सुटतो. किलोभर गॅस जळला की दीड लिटरच्या आसपास पाणी वाफेच्या रूपात निघतं. ते नळीत गार होऊन साचतं आणि साधा पत्रा कुजवतं, म्हणून नळी स्टेनलेस स्टीलचीच हवी. तिचं तोंड डक्टमध्ये सोडू नका. तिथे शेजारच्या बाथरूमची खिडकी उघडते. एक्झॉस्ट पंख्याच्या भरवशावरही राहू नका. हवा आत यायला वाट नसेल तर तोच पंखा धुराड्यातला धूर उलटा खोलीत ओढतो.

जुन्या बंगल्यात विटांचं धुराडं असेल तर त्यात नळी सोडणं वेगळं काम आहे. फुटक्या सांध्यांतून धूर वरच्या खोलीत झिरपतो, म्हणून वरपासून खालपर्यंत अखंड स्टीलचं अस्तर लागतं. नळी बसवून काम संपत नाही, तपासणीही लागते. इंग्लंडमध्ये 1998 च्या नियमांनी भाड्याच्या घरातल्या गॅस उपकरणाची दरवर्षी तपासणी मालकावर बंधनकारक आहे. इथे कुणी तपासायला येत नाही, म्हणून तुम्ही निर्धास्त आहात.

ज्यांच्याकडे आज असा गीझर आहे त्यांनी आजपासून एवढं पाळा: पाणी बादलीत भरा, गीझर बंद करा, दार उघडं ठेवून हवा खेळू द्या, मगच आंघोळीला जा. ज्योत पिवळी दिसली, वर काजळी धरली, तर वापरच थांबवा. कुणी आत कोसळलं तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, गॅस बंद करा, 108 ला फोन करा. डॉक्टरांना गॅस गीझर चालू होता हे सांगायला विसरू नका, कारण बोटाला लावायचं यंत्र अशा वेळी प्राणवायू ठीक असल्याचा खोटा आकडा दाखवू शकतं.

पाडवा झाल्यावर मी ज्या ज्या ठिकाणी असा गीझर पाहिलाय त्याचा पत्ता लेखी स्वरूपात ग्रामपंचायतीला, गॅस एजन्सीला आणि घोटी पोलीस ठाण्याला देईन, आणि पोच घेईन. उद्या तिथे कुणाचा जीव गेला, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ ही सबब त्या पोचेपुढे टिकणार नाही. निष्काळजीपणाने मृत्यूला भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि साक्षीला मी येईन.

गीझर बाहेर हलवायला मजुरी परवडत नाही म्हणणाऱ्यांनी सांगावं. भाडेकरूंच्या खोल्यांतल्या गीझरची हलवाहलव मी पाडव्यापर्यंत फक्त सामानाच्या खर्चात करीन. लॉज आणि व्हिलावाल्यांना ही सवलत नाही.