आयसीयूतला जंतू आला कुठून? जीनोम सांगू शकतो, पण आधी विचारायला हवं

समजा, तुमच्या घरचं माणूस आयसीयूत आहे. ऑपरेशन नीट झालं, पण पाचव्या दिवशी ताप चढला. कल्चरचा रिपोर्ट आला: क्लेब्सिएला, आणि बहुतेक अँटिबायोटिक्सपुढे 'आर', म्हणजे रेझिस्टंट. कोणतं औषध चालणार नाही ते कळलं. पण हा जंतू शेजारच्या बेडवरून आला, व्हेंटिलेटरमधून आला, की आधीच्या हॉस्पिटलमधून सोबत आला? हे त्या रिपोर्टमध्ये नसतं.

सोलापूरसाठी हा प्रश्न मोठा आहे. इथे जिल्ह्यातल्या पेशंटसोबत धाराशिव, विजयपूर, कलबुर्गीकडचेही पेशंट येतात. अवघड केस पुढे पुण्या-मुंबईला जाते. पेशंट हलला की त्याच्यासोबत जंतूही हलतो.

जीनोमवरून माग कसा लागतो?

एक लांबलचक मेसेज लोक हाताने टाइप करून पुढे पाठवतायत असं समजा. प्रत्येक वेळी एखादी स्पेलिंगची चूक होते आणि ती पुढच्या कॉपीत तशीच जाते. चुका जुळवल्या की कुणाचा मेसेज कुणाकडे गेला याचा अंदाज येतो. क्लेब्सिएलाच्या डीएनएत साधारण ५५ लाख अक्षरं असतात. दोन पेशंटच्या जंतूंमध्ये मोजक्याच अक्षरांचा फरक निघाला, तर त्यांचं नातं अगदी जवळचं. हजारो अक्षरं वेगळी असतील, तर संसर्ग वेगवेगळ्या ठिकाणांहून आलाय.

२०११ मध्ये अमेरिकेत एनआयएचच्या हॉस्पिटलात हेच केलं गेलं. पहिली पेशंट वेगळ्या खोलीत ठेवली होती, बरी होऊन घरी गेली. तीन आठवड्यांनी दुसऱ्या पेशंटमध्ये तसाच जंतू सापडला. हा योगायोग असेल का? जीनोम म्हणाला, नाही, सुरुवात त्या पहिल्या पेशंटपासूनच आहे. एकूण १८ जणांपर्यंत तो पोचला आणि त्या संसर्गाने ६ जण गेले. साफ केलेल्या एका व्हेंटिलेटरवरही तो सापडला.

आपल्याकडे काय?

मुंबईच्या हिंदुजा हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी २०१० मध्येच इशारा दिला होता. २००९ मधल्या तीन महिन्यांत त्यांना कार्बापेनेम या ताकदवान औषधांना दाद न देणारे २४ जंतू मिळाले. त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ हे जनुक होतं. हे जनुक प्लास्मिड नावाच्या डीएनएच्या छोट्या गोल तुकड्यावर बसून एका जातीच्या जंतूतून दुसऱ्या जातीत उडी मारतं. म्हणून फक्त जंतूचा माग काढून भागत नाही, प्लास्मिडचाही काढावा लागतो.

मशीन आहेत. कोविडमध्ये डिसेंबर २०२० ला 'इन्साकॉग' हे लॅबचं जाळं उभं राहिलं. त्यात पुण्याच्या एनआयव्ही आणि एनसीसीएस होत्या. डेल्टा, ओमायक्रॉन आपल्याला कळले ते अशाच लॅबमुळे. आता तर लॅपटॉपला जोडता येणारं, हातात मावणारं सिक्वेन्सरही मिळतं.

अडतं ते आधीच्या पायरीवर. जीनोम वाचायचा तर आधी जंतू लॅबमध्ये वाढवावा लागतो, म्हणजेच कल्चर. ते न करता अंदाजाने अँटिबायोटिक सुरू केलं, तर वाचायला काही उरतच नाही. आणि सोलापूरचा डेटा सोलापुरात, पुण्याचा पुण्यात राहिला, तर पेशंटसोबत फिरणारा जंतू कुणालाच दिसणार नाही. शिवाय एखाद्या हॉस्पिटलने 'आमच्याकडे संसर्ग पसरला' असं कबूल केलं की बदनामी त्याचीच होते. जे शोधतात त्यांनाच शिक्षा मिळाली, तर शोधणार कोण?

तुमच्या हातात दोन गोष्टी आहेत. अँटिबायोटिक लिहून दिलं की डॉक्टरांना विचारा, "कल्चर पाठवलंय का?" आणि पेशंट दुसऱ्या हॉस्पिटलात हलवताना त्या रिपोर्टचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, पोचल्याबरोबर तिथल्या डॉक्टरांना दाखवा. जंतू सोबत आला असेल, तर ते त्यांना पहिल्याच दिवशी कळायला हवं.