गल्लीचा कवि आणि त्याचे टीकाकार

अंधेरीच्या जे. बी. नगरांतील विवियन फर्नांडिस ऊर्फ डिव्हाइन हा रॅपर श्रीमंत झाला, सबब त्याचें काव्य संपलें, असा निवाडा आमचे कांहीं विद्वान् मित्र देतात. ‘मेरे गली में’ (२०१५) हेंच काय तें अस्सल, पुढील सारें बाजारी! दारिद्र्य हीच कवीची पात्रता मानणाऱ्या या मित्रांनीं स्वतःची पगारवाढ कधीं नाकारल्याचें मात्र आमच्या ऐकिवांत नाहीं.

‘कोहिनूर’ (२०१९) या अल्बमांत वर चढणाऱ्याचा जयघोष आहे. तो आम्हांस किंचित् कर्कशच वाटला. पण ‘पुण्य पाप’ (२०२०) मध्यें तोच मनुष्य मिळालेल्या यशाकडे संशयानें पाहतो. ‘३:५९ एएम’ या गीतांतील ती अपरात्रीची बेचैनी गल्लींतल्या पोराची नव्हे, गल्ली सोडलेल्याची आहे. म्हणूनच ती २०१५ सालीं लिहिणें त्यास शक्य नव्हतें. यास ऱ्हास म्हणावयाचें काय?

‘गुनेहगार’ (२०२२) विषयीं आमचीहि तक्रार आहे. घडण सफाईदार, अमेरिकेहून आर्मनी व्हाइट पाहुणा आला. परंतु यजमान कोठें दिसेना! हा दोष खुशाल दाखवावा, पण ओळींवरून, मोटारीवरून नव्हे. आमच्या वर्गांतील अंधेरी-घाटकोपरचीं मुलें हा फरक अचूक ओळखतात. मित्रांनीं तिन्ही अल्बम एकदां सलग ऐकावे. चहाची सोय आमच्याकडे.