वीस वर्षांचे व्रत

श्रावण शुद्ध पंचमीस घरोघरी पाटावर गंधाने नागाची आकृती रेखाटली जाते, लाह्या व दुधाचा नैवेद्य दाखविला जातो. त्या दिवशी गृहिणी विळीस हात लावीत नाही, चुलीवर तवा ठेवीत नाही. शेतकरी नांगर धरीत नाही. भूमीच्या उदरात राहणाऱ्या मुक्या जीवास वर्षातून एक दिवस तरी आपल्या हातून इजा होऊ नये, हा त्या आचारामागील भाव होय. आमच्या पिढीचे सर्पाशी असलेले नाते इतकेच होते: दुरून नमस्कार आणि जवळून भय.

परंतु काळ पालटला. समुद्रापार स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील वडीलधारी मंडळी हल्ली कीर्तनानंतर आम्हांस एक निराळाच प्रश्न विचारतात. अमेरिकेतील नातवास ‘किंगस्नेक’ नावाचा साप घरी पाळावयाचा आहे. शाळासोबत्याकडे त्याने तो पाहिला आहे, हातात घेतला आहे. नागपंचमी करणाऱ्या घरात हे शोभते काय? आजच्या सणाच्या निमित्ताने या प्रश्नाचा विचार करणे आम्हांस उचित वाटते.

प्रथम नावाचा घोटाळा दूर करू. किंगस्नेक म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या दक्षिण भागात आढळणारा नागराज, अर्थात किंग कोब्रा, नव्हे. नागराज महाविषारी, किंगस्नेक सर्वथा बिनविषारी. त्याचे घर अमेरिका खंड. घरी पाळण्यात येणारा कॅलिफोर्निया किंगस्नेक हा संयुक्त संस्थानांच्या पश्चिम भागात व उत्तर मेक्सिकोत आढळतो. काळ्या वा तपकिरी अंगावर पांढरे पट्टे, लांबी बहुधा अडीच ते चार फूट. भक्ष्याला वेटोळ्यात आवळून तो मारतो. दोघांनाही ‘राजा’ ही पदवी मिळाली ती एकाच कारणाने: दोघेही इतर सापांना खातात. शेपटीने खुळखुळा वाजविणाऱ्या विषारी रॅटलस्नेकलाही किंगस्नेक गिळतो. त्या विषाची बाधा त्याला सहसा होत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या देशापुरती. येथे नाग, धामण आदी आपल्याकडील साप पकडणे वा घरी बाळगणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा हा लेख वाचून कोणी मुलाने वारुळाकडे वळू नये. पुढील विवेचन परदेशातील घरांसाठीच आहे. तेथेही सर्वत्र एक नियम नाही. हवाई राज्यात कोणताही साप पाळण्यास बंदी आहे. जॉर्जिया राज्यात तेथील मूळच्या बिनविषारी सापांना घरी ठेवण्यास मनाई आहे. म्हणून पहिली पायरी दुकानाची नव्हे, कायद्याची. आपल्या राज्याचा नियम पाहावा, भाड्याचे घर असल्यास घरमालकाची अट पाहावी, आणि सापांवर उपचार करणारा पशुवैद्य जवळपास आहे काय, हे साप आणण्यापूर्वीच शोधून ठेवावे.

आता पाळणे म्हणजे काय, याचा विचार करू. गाय पाळली तर ती हंबरून ओळख देते, श्वान शेपूट हलवितो, पोपट नाव घेतो. साप यांपैकी काहीच करीत नाही. तो आपल्या हाताला सरावतो, परंतु लळा लावीत नाही. म्हणून सर्पसेवा ही बव्हंशी एकतर्फी सेवा आहे, फळाची अपेक्षा न धरता करावयाची. आणि तिची मुदत? नीट निगा राखल्यास किंगस्नेक पंधरा-वीस वर्षे, कधी त्याहून अधिक जगतो. आज दहा वर्षांचा असलेला नातू तेव्हा तिशीत असेल. तो शिक्षणासाठी दुसऱ्या गावी गेला तर साप कोणी सांभाळावयाचा? संकल्प नातवाचा असला तरी व्रत सर्व घराचे आहे, हे आईबापांनी प्रथम ध्यानी घ्यावे.

आपल्या पूर्वजांनी सर्पास जी नावे दिली, त्यांतच त्याच्या संगोपनाचे अर्धे शास्त्र आलेले आहे. ‘बिलेशय’ हे नाव पाहा: बिळात शयन करणारा. काचेच्या उघड्या पेटीत, चारी बाजूंनी माणसे डोकावत असता, तो सुखाने राहू शकत नाही. त्यास अंग चोरून बसता येईल अशी दोन दडण्याची ठिकाणे हवीत, एक पेटीच्या उबदार टोकास आणि एक थंड टोकास. साप स्वतःच्या देहात उष्णता निर्माण करून ती राखू शकत नाही. ऊब हवी तर उबेकडे सरकतो, गारवा हवा तर गारव्याकडे. म्हणून एक टोक साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअस आणि दुसरे २२ ते २४ अंश असावे. उष्णता देणाऱ्या उपकरणास तापमान आवरणारा थर्मोस्टॅट अवश्य जोडावा. त्याविना ठेवलेल्या तापकाने साप भाजतात. पिलू लहान पेटीत भागते, पण पूर्ण वाढलेल्यासाठी चार फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच अशी पेटी असावी. तळाशी अ‍ॅस्पेन लाकडाचा भुसा चालतो. सीडरचा उग्र वासाचा भुसा कदापि नको. झाकणास पक्की कडी हवी, कारण किंगस्नेक निसटण्यात मोठा पटाईत. आणि एका पेटीत एकच साप. त्यास सोबत म्हणून दुसरा आणून सोडला, तर एके सकाळी पेटीत एकच उरलेला आढळेल.

दुसरे नाव ‘चक्षुःश्रवा’: डोळ्यांनी ऐकणारा. सर्पास बाह्य कान नाहीत, हे आपल्या कोशकारांनी हेरले होते. जमिनीतून येणारे कंप त्याला जाणवतात आणि दुभंगलेल्या जिभेने टिपलेला गंध तो टाळूतील विशिष्ट इंद्रियाने ओळखतो. म्हणून ढोलताशांजवळ, दूरदर्शन संचाशेजारी वा धावपळीच्या दिवाणखान्यात त्याची पेटी ठेवू नये. उंदराचा वास लागलेला हात पुढे केला तर तो हातच भक्ष्य समजून धरील. घरी आणल्यावर पहिला आठवडा त्यास हात लावू नये. मग एकदोन वेळा जेवून स्थिरावला, की मधल्या अंगास दोन्ही हातांचा आधार देऊन थोडा वेळ घ्यावा. भ्यालेला साप शेपटी थरथरवितो व दुर्गंधी सोडतो. तो त्याचा राग नव्हे, भीती होय.

तिसरे नाव ‘पवनाशन’: वारा भक्षून राहणारा. हे नाव बहुधा त्याच्या दीर्घ उपवासावरून पडले असावे. पूर्ण वाढलेला किंगस्नेक दहा ते चौदा दिवसांतून एकदा खातो, आणि हिवाळ्यात कधी काही आठवडे अन्नास तोंड लावीत नाही. परंतु वाऱ्यावर कोणी जगत नाही. तो शुद्ध मांसाहारी आहे, आणि या प्रश्नाचे खरे मर्म येथेच आहे.

त्याचे अन्न म्हणजे संपूर्ण उंदीर. पिलास दर पाच-सात दिवसांनी उंदराचे इवलेसे पिल्लू. दूध, भात, अंड्याची पोळी, यांपैकी काहीही त्यास चालत नाही. आपल्याकडे धामण गाईच्या पायांना विळखा घालून दूध पिते, अशी समजूत आहे. नवलाची गोष्ट अशी की किंगस्नेकच्याच कुळातील एका सापास अमेरिकेतील शेतकऱ्यांनी ‘मिल्क स्नेक’ हे नाव अगदी याच समजुतीने दिले. दोन्ही समजुती निराधार. सापाला दूध पचत नाही. गारुड्याकडील नाग दूध पितो, कारण त्यास अनेक दिवस तहानलेला ठेवलेला असतो. तेव्हा नागपंचमीस घरातील किंगस्नेकपुढे दुधाची वाटी ठेवू नये. स्वच्छ पाण्याचे भांडे मात्र नित्य भरलेले असावे. नैवेद्य पाटावरील आकृतीस दाखवावा.

मग शाकाहारी, सोवळ्याओवळ्याच्या घरात हे कसे बसावे? आमचे उत्तर स्पष्ट आहे. जिवंत उंदीर सापापुढे सोडू नये; त्यात उंदराचे हाल आहेत, आणि जिवावर उठलेला उंदीर सापासही चावून जखमी करतो. तेथील दुकानांतून मारून गोठविलेले उंदीर मिळतात. ते वेगळ्या शीतपेटीत ठेवावेत, वेगळ्या भांड्यातील कोमट पाण्यात पूर्ण निवळू द्यावेत आणि चिमट्याने द्यावेत. सापाच्या देहाच्या सर्वांत जाड भागाइतकाच जाड उंदीर असावा. जेवल्यावर दोन दिवस सापाला हात लावू नये. हे सारे शांत चित्ताने करता येईल, तरच पुढे जावे. घरातील माउलीस किंवा आजोबांस फ्रीजमध्ये उंदीर ठेवणे सहन होणार नसेल, तर साप आणू नये. आपल्या सोवळ्यासाठी सापास उपाशी ठेवणे हे पुण्य नव्हे. त्याचा धर्म त्याने पाळावा, आपण आपला पाळावा. दोन्ही एका छपराखाली नांदत नसतील, तर ‘नाही’ म्हणणे हीदेखील भूतदयाच आहे.

आरोग्याचाही विचार हवा. सर्पादी प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात, प्राणी निरोगी दिसत असला तरीही. पाच वर्षांखालील मुले, पासष्टीपुढील वृद्ध व दुर्बल प्रकृतीची माणसे यांना त्यापासून अधिक धोका असतो. सापाची पेटी देवघरात वा स्वयंपाकघरात नसावी, तिची भांडी अन्नाच्या मोरीत धुऊ नयेत, आणि साप हाताळल्यावर प्रत्येक वेळी साबणाने हात धुवावेत. आमच्यासारख्या वृद्धांनी कौतुक करावे ते दुरूनच.

साप कोठून आणावा? रानातून कदापि नव्हे. बंदिस्त जागीच जन्मलेले आणि गोठविलेले अन्न खाण्यास सरावलेले पिलू जाणत्या पैदासकाराकडून घ्यावे. डोळे स्वच्छ, अंगावर उवांसारखे बारीक कीटक नाहीत, श्वास घेताना तोंडाशी बुडबुडे नाहीत, हे पाहावे. पुढे कधी डोळे निळसर धुरकट दिसू लागले तर घाबरू नये. ती कात टाकण्याची वेळ होय. त्या दिवसांत ओलसर शेवाळ घातलेली दडण्याची जागा द्यावी व त्यास त्रास देऊ नये.

आणि हौस फिटली तर? येथे सर्वांत मोठा अनर्थ संभवतो. ‘जाऊ दे, मोकळे करू’ हे दयेचे वाटणारे वाक्य फार घातकी आहे. आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्याजवळ स्पेनच्या ताब्यातील ग्रान कनारिया हे बेट आहे. तेथे मुळात सापच नव्हते. पाळीव कॅलिफोर्निया किंगस्नेक निसटले वा सोडले गेले, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांचा तेथे प्रसार झाला. त्या बेटावरच आढळणाऱ्या मोठ्या सरड्यांना सापाचे भय ठाऊक नव्हते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, साप पसरले त्या भागांत या सरड्यांची संख्या ९० टक्क्यांहून अधिक घटली. दोष सापाचा नव्हे. तो आपल्या स्वभावाने वागला. दोष व्रत अर्ध्यावर टाकणाऱ्या माणसाचा. सांभाळणे अशक्य झाले तर साप दुसऱ्या जाणत्या पालकाच्या वा प्राणी सांभाळणाऱ्या संस्थेच्या हाती द्यावा, उघड्यावर सोडू नये.

महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या सर्पसत्रातून सर्पकुळ वाचविले ते आस्तिक ऋषींनी. त्यांनी सर्पांना आश्रमात आणून बांधून ठेवले नाही. यज्ञ थांबविला आणि त्यांना त्यांच्या ठिकाणी जगू दिले. बहुतेक घरांनी आस्तिकांचा हाच मार्ग धरावा, असे आम्हांस वाटते. अंगणात साप निघाला तर काठी न उचलता सर्पमित्रास बोलवावे. हीच आजच्या दिवसाची खरी पूजा. ज्या घरात जागा आहे, कायद्याची मुभा आहे, घरातील सर्वांची संमती आहे आणि वीस वर्षांची तयारी आहे, त्या घरातील नातवास मात्र आम्ही अडविणार नाही. त्यास एवढेच सांगू: बाळा, एक वर्ष थांब. पेटी आधी मांड, तिचे तापमान रोज टिपून ठेव, पुस्तके वाच, सोबत्याच्या सापाची सेवा कर. वर्षानंतरही ओढ तशीच राहिली, तर ती हौस नव्हे, निष्ठा आहे. मग आईवडिलांची आज्ञा घे आणि व्रत घे. परंतु घेतलेस तर उद्यापनापर्यंत ने.

सर्व वाचकांस नागपंचमी शुभंकर होवो.