पाण्यातले साक्षीदार

आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणाऱ्या काकू गेल्या पावसाळ्यात महिन्याभरात तीनदा जुलाबांनी आजारी पडल्या. वय 83. ‘आता पचनच मंदावले,’ असे घरच्यांनी आणि खुद्द काकूंनीही मान्य करून टाकले होते. पाणी नितळ होते, वास नव्हता, चवही नेहमीची. तिसऱ्या खेपेला मात्र सूनबाईंनी नळाचे पाणी तपासायला दिले. अहवालात ई. कोलाय हे जिवाणू निघाले.

वाचकहो, प्रयोगशाळा पाण्यातला प्रत्येक रोगजंतू स्वतंत्रपणे शोधत बसत नाही. त्यांचे प्रकार पुष्कळ, संख्या बहुधा थोडी आणि शोध खर्चिक. म्हणून ती एका साक्षीदाराला गाठते. थिओडोर एशेरिश या बालरोगतज्ज्ञाने 1885 मध्ये तान्ह्या मुलांच्या विष्ठेतून या जिवाणूचे वर्णन केले. त्याचेच नाव आजही त्याला आहे. माणसाच्या आणि इतर उष्ण रक्ताच्या प्राण्यांच्या आतड्यात तो राहतो आणि त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असतात. परंतु पिण्याच्या पाण्यात तो भेटला, तर तेथे नजीकच्या काळात विष्ठा मिसळली आहे, असे समजावे. भारतीय मानकानुसार 100 मिलिलिटर पाण्यात तो एकही आढळता कामा नये.

हा साक्षीदार एका प्रश्नावर मात्र गप्प राहतो: विष्ठा कोणाची? आमच्या बैठकीत नेमका यावरूनच वाद झाला. गच्चीवर कबुतरे फार, तेव्हा दोष त्यांचाच असे ठरून जाळीची दरपत्रके मागवायचीही तयारी झाली होती.

शास्त्रज्ञांनी या प्रश्नाचे उत्तर आतड्यातल्या अवघ्या वस्तीत शोधले आहे. बॅक्टेरॉइडीस गटातले जिवाणू तेथे अफाट संख्येने असतात आणि त्यांना प्राणवायू सोसत नाही. त्यामुळे बाहेरच्या पाण्यात ते वाढत नाहीत. शिवाय माणसाच्या पोटातली त्यांची घडण गाईच्या पोटातल्यापेक्षा वेगळी असते. त्यांच्या जनुकांतला हा फरक पाहून नदीत आलेली घाण गोठ्यातली की गटारातली, याचा माग लावता येतो. याच जिवाणूंवर जगणारा क्रासफेज नावाचा विषाणू 2014 मध्ये उजेडात आला. तोही मानवी सांडपाण्याची खूण म्हणून वापरला जातो. सूक्ष्मजीवांची वस्ती तेलाचीही साक्ष देते. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात तेलविहीर फुटली, तेव्हा खोल पाण्यात तेल पचवणाऱ्या जिवाणूंचे प्रमाण झपाट्याने वाढल्याचे दिसून आले.

जनुकांची ही तपासणी आपल्या नेहमीच्या प्रयोगशाळेत सहसा होत नाही. तरीही माग काढता येतो. सूनबाईंनी चार ठिकाणचे नमुने दिले: नगरपालिकेची जोडणी, जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी आणि स्वयंपाकघरातला नळ. जोडणीचे पाणी स्वच्छ निघाले. पुढचे तिन्ही नमुने दूषित. घाण जमिनीखालच्या टाकीतच शिरत होती, कबुतरांचा संबंध नव्हता. टाकीच्या भिंतीला तडा होता आणि पलीकडेच सांडपाण्याचे चेंबर. पावसात ते तुंबत असे.

वृद्धांच्या बाबतीत हे गांभीर्याने घ्यावे, याला कारणे आहेत. जठरातले आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला पहारेकरी. पित्तासाठी आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या रोज घेतल्या की हा पहारा ढिला होतो. वयोमानाने तहान कमी लागते. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर दोन-चार जुलाबांनीही शरीर कोरडे पडू लागते. लघवी कमी होणे, जीभ सुकणे, बोलण्यात अचानक गोंधळ दिसणे ही लक्षणे म्हातारपणाच्या खात्यावर टाकू नयेत. जलसंजीवनी सुरू करून डॉक्टरांना गाठावे. गोळ्या मात्र त्यांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन बॅरे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. पोटाच्या अशा संसर्गानंतर क्वचित हातापायांतले बळही जाते.

घरच्या घरी करण्याजोगी एक सोपी चाचणी आहे. 1982 मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी तिची पद्धत प्रसिद्ध केली. तयार बाटलीत खुणेपर्यंत पाणी भरून ती एक-दोन दिवस उबदार जागी ठेवायची. पाणी काळे पडले तर संशय पक्का धरून पाणी खळखळून उकळावे आणि प्रयोगशाळेत नमुना द्यावा. काळे पडले नाही, तरी पूर्ण निर्धास्त होऊ नये. उकळण्याने जंतू मरतात. नायट्रेटसारखी रसायने मात्र पाण्यात तशीच राहतात, त्यांची तपासणी वेगळी.

नमुना घेताना नळाची जाळी काढावी, तोंड पुसून घ्यावे, दोन-तीन मिनिटे पाणी वाहू द्यावे. प्रयोगशाळेने दिलेली निर्जंतुक बाटली विसळू नये; क्लोरीनचा परिणाम थांबवणारे रसायन तिच्यात आधीच घातलेले असते. बाटली बर्फात ठेवून शक्यतो 6 तासांच्या आत पोचवावी. आमचा पहिला नमुना दुपारभर स्कूटरच्या डिकीत तापला होता, तो फेकून सूनबाईंना दुसरा घ्यावा लागला.